काळजी आणि पाळत

कोरोनाचा काळ आठवला की लोक मास्कबद्दल बोलतात, ऑक्सिजनसाठी झालेल्या धावपळीबद्दल बोलतात, बुडालेल्या धंद्यांबद्दल आणि गेलेल्या माणसांबद्दल बोलतात. ते बोलायलाच हवे. आमच्या घरात मात्र त्या दिवसांचा विषय निघाला की आणखी एक गोष्ट हमखास निघते. त्या काळात आम्हाला हसायची भीती वाटू लागली होती. आजाराची भीती होतीच, ती समजण्यासारखी होती. पण त्याच्या जोडीला दुसरी एक भीती घरात येऊन बसली होती. अंगणात दोन मिनिटे जास्त रेंगाळलो तर कोण पाहील? घरातून चांगल्या जेवणाचा वास बाहेर गेला तर कोण काय म्हणेल? आजार गेला, निर्बंध गेले, पण ती दुसरी भीती पूर्ण गेली आहे असे आम्हाला वाटत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही म्हणजे एका घरातली नऊ माणसे. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला आमचा मोहल्ला आहे. मागे सुपारी-नारळाच्या वाड्या, पुढे खाडी. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईत, नाहीतर कुवेत, दुबई, ओमानला. गावात उरतात ती म्हातारी माणसे, बायका, मुले आणि दुकानदारी किंवा वाडी सांभाळणारे चार पुरुष. अशा गावातल्या माणसांचे आनंद फार मोठे नसतात. फजरच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर चार जणांनी उभ्या उभ्या बोलणे. असरनंतर बायकांनी एकमेकींच्या पडवीत जाऊन बसणे, सुपारी कातरत कातरत अख्ख्या गावाची खबरबात घेणे. मुलांचे खाडीकाठचे क्रिकेट. एसटीने तालुक्याला जाऊन बांगड्या भरून येणे. रमजानमध्ये इफ्तारीच्या अर्धा तास आधी झाकलेल्या ताटल्या घेऊन पाखाडीवरून धावणारी पोरे. या घरची सांदणे त्या घरात, त्या घरची भजी या घरात. ताटली रिकामी परत करायची नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा.

याला कोणी करमणूक म्हणत नाही. यासाठी पैसे पडत नाहीत, म्हणून त्याची किंमतही कोणी मोजत नाही. ते बंद पडले तेव्हा त्याची किंमत कळली.

२२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी आमच्याकडेही थाळ्या वाजल्या. मुलांना तर ती मजाच वाटली. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि मजा संपली. मस्जिदीतून अजान येत होती, पण आत इमामसाहेब, मुअज्जिन आणि दोन-तीन माणसे. जुम्म्याच्या दिवशी घरात जुहर पढताना अब्बांचे डोळे भरून आले. मुंबईतली तीन वर्षे सोडली तर आयुष्यात त्यांचा जुम्मा या मस्जिदीत कधी चुकला नव्हता.

तरीही हे बंधन आमच्या घराने मनापासून मान्य केले. कारण त्यात आम्हाला दीनच्या विरुद्ध काही दिसले नाही. साथ पसरलेल्या भागात जाऊ नये आणि आपण असलेल्या भागात साथ आली तर तिथून पळून जाऊ नये, ही शिकवण आपल्याला प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडूनच मिळालेली आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या प्रवासाला निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना तिकडे साथ पसरल्याची खबर मिळाली. त्यांनी सोबत्यांशी मसलत केली आणि परत फिरण्याचा निर्णय घेतला. अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळता काय, असा प्रश्न हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी केला, तेव्हा एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे त्याच साथीत हजरत अबू उबैदा (रजि.) यांचा इंतकाल झाला. अब्बांनी हा किस्सा त्या दिवसांत आम्हाला कितीदा तरी सांगितला. त्यामुळे मास्क लावणे, अंतर ठेवणे, घरात नमाज पढणे यात आम्हाला काही कमीपणा वाटला नाही. काळजी घेणे हा आपला फर्जच आहे, असेच आम्ही मानले.

गोंधळ सुरू झाला तो काळजीची पाळत झाली तेव्हा.

मार्चच्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि आठ दिवसांत हवा फिरली. टीव्हीवर संध्याकाळपासून रात्रीपर्यंत एकच विषय. कोकणातल्या मुसलमानांना एक वेगळीच अडचण झाली. आमच्याकडे प्रत्येक मोहल्ल्याची स्वतःची 'जमात' असते. गावातले तंटे मिटवणे, कब्रस्तानची देखभाल, मस्जिदीचा हिशोब, लग्नाची भांडी भाड्याने देणे, ही सगळी कामे जमात करते. तिचा तब्लिगी जमातीशी संबंध नसतो. पण त्या दिवसांत 'जमात' हा शब्दच गुन्ह्यासारखा झाला. आमच्या जमातीच्या ऑफिसवर पिढ्यान्‌पिढ्या लागलेली पाटी पाहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरा बदलत होत्या. मोहल्ल्यातला एक मुलगा हातगाडीवर कलिंगडे विकायचा. वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक त्याला आता नाव विचारू लागले. नाव त्यांना माहीत होतेच. एका आठवड्यात त्याची निम्मी कलिंगडे सडली.

आपल्याबद्दल कोणीतरी दूर बसून निकाल देतो आहे आणि आपले म्हणणे मांडायला जागा नाही, हा अनुभव फार थकवणारा असतो. काही महिन्यांनी, २१ ऑगस्ट २०२० रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तब्लिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवले गेले असावे, असे मत नोंदवले. निकाल वाचून बरे वाटले. पण ज्या चॅनेलवर एप्रिलमध्ये तासन्‌तास चर्चा झाली होती, तिथे या निकालाला किती मिनिटे मिळाली, हे वाचकांनीच आठवून पाहावे. आणि कलिंगडे तर परत ताजी होणार नव्हती.

हे झाले बाहेरचे. त्यावर आजपर्यंत पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला आज अधिक बोलायचे आहे ते आतले.

बाहेरून बोट दाखवले जात होते, म्हणून आतली माणसे जास्त जपून वागू लागली. 'आपल्यामुळे कौमचे नाव खराब व्हायला नको,' हे वाक्य त्या रमजानमध्ये आम्ही इतक्या वेळा ऐकले की तेच जणू सहेरीचे आणि इफ्तारीचे वाक्य झाले. त्यामागची कळकळ खरी होती. ईदची खरेदी करू नका, बाजारात गर्दी करू नका, नवे कपडे घेऊ नका, ते पैसे गरिबांना द्या, असे मेसेज त्या वर्षी देशभर फिरले. खूप लोकांनी ते पाळलेही. आमच्या मोहल्ल्यात त्या पैशांतून कितीतरी घरांत रेशन पोहोचले. हे काम चांगले होते, यात शंका नाही.

पण चांगल्या कामाच्या मागोमाग एक वाईट सवय आत शिरली. कोण काय पाळतो आहे, यापेक्षा कोण काय मोडतो आहे, याकडे लोकांचे जास्त लक्ष गेले. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्वी नमाजच्या वेळा आणि कोणाच्या इंतकालची खबर यायची. आता फोटो येऊ लागले. अमक्याचा मुलगा मोटरसायकलवर दिसला. तमक्यांच्या पडवीत तीन बायका बसल्या होत्या. अमुक घरी काल बिर्याणी झाली, लोक मरताहेत आणि यांना बिर्याणी सुचते. मोटरसायकलवरचा मुलगा आजीची डायबिटीसची गोळी आणायला गेला होता. पडवीतल्या तीन बायका म्हणजे सासू आणि तिच्या दोन सुना, एकाच घरातल्या. बिर्याणीची गोष्ट तर विचारूच नका. पण खुलासा करणारा मेसेज कोणी पुढे पाठवत नाही, फोटो मात्र सगळे पाठवतात.

आमच्या घरातली त्या ईदची गोष्ट सांगतो. २५ मे २०२० ला ईद होती. आमच्या पुतणीला तेव्हा बारावे वर्ष होते. बाजार बंद, कपडे घ्यायचे नाहीत हे तिला पटले होते. तिने स्वतःच गल्ल्यातले पैसे रेशनच्या फंडात दिले होते. तिच्या अम्मीने मग आपल्या निकाहच्या वेळचा एक हिरवा दुपट्टा काढला, जुन्या कमीजचे अस्तर लावले आणि चार रात्री मशीनवर बसून तिला फ्रॉक शिवला. ईदच्या सकाळी घरातच नमाज झाली. गळाभेट नाही, ईदीसाठी घरोघर फिरणे नाही, पाहुणे नाहीत. पोरगी फ्रॉक घालून गच्चीवर गेली आणि एकटीच गोल गोल फिरली. फ्रॉक किती फुलतो ते बघत होती.

दुपारपर्यंत तिचा फोटो ग्रुपवर होता. खाली लिहिले होते की, सांगूनही काही घरांना नवे कपडे सुटत नाहीत.

ज्यांनी तो फोटो टाकला ते गृहस्थ वाईट नव्हते. रेशनची पोती स्वतःच्या पाठीवर वाहून त्यांनी घराघरांत पोहोचवली होती. आपण समाजाचे भलेच करतो आहोत, असे त्यांना वाटत असणार. संध्याकाळी भावाने त्यांना फोन करून दुपट्ट्याची गोष्ट सांगितली. त्यांनी फोटो काढून टाकला, माफीही मागितली. पण तोपर्यंत पोरीने फ्रॉक उतरवून ठेवला होता. 'घाल ना, ईद आहे,' असे सगळ्यांनी सांगून पाहिले. ती म्हणाली, 'नको, कोणीतरी बघेल.' पुढच्या वर्षी फ्रॉक तिला आखूड झाला. तो एकदाच, अर्ध्या सकाळीपुरता अंगावर आला.

त्या रात्री आमच्या दादीने एक प्रश्न विचारला. वय ऐंशीच्या वर, शाळा पाहिलेली नाही. म्हणाली, 'सरकारने बाहेर जाऊ नका सांगितलंय, ते बरोबर हाय. पन घरात खूश होऊ नका, असं कोनी सांगितलंय गो?'

आम्ही सगळे गप्प झालो. खरेच, कोणी सांगितले होते? नियमांची यादी काढून पाहिली तर त्यात गर्दी करू नका असे होते, अंतर ठेवा असे होते. पुढे लग्नाला ५० आणि अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली. आनंदी राहू नका, असे कुठल्याच कागदावर नव्हते. तो नियम आम्ही माणसांनीच एकमेकांसाठी तयार केला होता आणि तो इतर कुठल्याही नियमापेक्षा कडक पाळला जात होता.

मुंबईहून येणाऱ्यांच्या वाट्याला तर याहून जास्त आले. आमचे मामू मे महिन्यात मुंबईहून निघाले. काम बंद, खोलीत सात माणसे, जवळचे पैसे संपलेले. काही अंतर टेम्पोने आणि बाकीचे महामार्गावरून पायी, असे करत ते गावाच्या वेशीवर पोहोचले. तिथे रस्त्यावर झाडाच्या फांद्या आणि दगड टाकून ठेवले होते. चौदा दिवस शाळेत राहायचे ठरले. मामूंनी ते आनंदाने मान्य केले, कारण तेच योग्य होते. चौदा दिवस त्यांना ना खोकला झाला ना ताप आला. पण पंधराव्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा पाखाडीवरची दारे एकेक करून बंद होत गेली. ज्या गावातल्या प्रत्येक पोराला मुंबईत नोकरीला लावताना त्यांनी आपल्या खोलीत ठेवून घेतले होते, त्या गावात त्यांना पाण्याचा ग्लासही लांबून, कठड्यावर ठेवून दिला गेला. मामू काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, 'मुदत कागदावर संपते, माणसांच्या डोक्यातली संपत नाही.'

मग ३ जून आला. निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आले. ज्यांनी ती दुपार पाहिली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही. पत्रे पानांसारखे उडत होते. आजोबा-पणजोबांनी लावलेल्या सुपारीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नारळ मुळासकट उपटून घरांवर पडले. संध्याकाळी वारा थांबला तेव्हा मोहल्ल्यात धड छप्पर असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामू कोयता आणि दोर घेऊन बाहेर पडले. ज्या घरांनी दारे लावली होती त्याच घरांवरची झाडे त्यांनी तोडायला घेतली. शेजारच्या आळीतली हिंदू मुले करवत घेऊन आली. ज्या घरात चूल पेटत होती तिथे पाच-सहा घरांचे जेवण होऊ लागले. तोंडाला रुमाल बांधलेले होते, शक्य तेवढे अंतर होते, पण माणसे पुन्हा एकमेकांच्या अंगणात आली होती. मामूंच्या हातचे पाणी कोणी नाकारले नाही.

वादळाने आणखी एक गोष्ट केली. विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद झाले. अनेक दिवस वीज नव्हती आणि फोनला रेंज नव्हती. फोटो काढून टाकायला ग्रुपच उरला नव्हता. रात्री अंधारात, उघड्या छपराखाली, लोक आपापल्या अंगणात बसायचे. पाखाडीच्या या बाजूने त्या बाजूला बोलणे व्हायचे. डोक्यावर छप्पर नाही, बागा गेलेल्या, पुढच्या वीस वर्षांचे उत्पन्न जमिनीवर पडलेले, आणि तरी त्या अंधारात आम्ही हसण्याचे आवाज ऐकले. मार्चपासून पहिल्यांदाच ऐकले. माणसे दुःखात हसत नाहीत असे नाही. कोणी बघत नसेल तर हसतात.

त्या वर्षी आनंद फक्त आमचाच हिरावला गेला नव्हता, हेही लिहायला हवे. आषाढीला पालख्या बसमधून पंढरपूरला गेल्या, वाखरीपासून चंद्रभागेपर्यंत फुलणारा तो माणसांचा समुद्र नव्हता. २२ ऑगस्टला गणपती आले तेव्हा घरच्या मूर्तीला दोन फुटांची आणि मंडळांना चार फुटांची मर्यादा होती. शेजारच्या आळीत दरवर्षी रात्रभर चालणारी भजने आम्हाला आमच्या पडवीत ऐकू यायची. त्या वर्षी ती नव्हती आणि आम्हालाही चुकल्यासारखे झाले. कामावरून गणपतीला गावी आलेल्या त्यांच्या मुलांकडेही लोकांनी तशाच नजरेने पाहिले, जसे मामूंकडे पाहिले होते. संशयाला धर्म नसतो. ज्याच्या हातात बोट दाखवायची संधी येते, तो दाखवतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, एका फ्रॉकचे आणि पाण्याच्या ग्लासचे एवढे काय? त्या काळात माणसे मरत होती. बरोबर आहे, आणि म्हणूनच पुढची गोष्ट सांगणे आवश्यक आहे.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. पहिल्या लाटेपेक्षा ती फार भयंकर होती. पुन्हा रमजान, पुन्हा बंद मस्जिदी. आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरात कर्त्या माणसाला ताप आला. वय पंचेचाळीस, तीन मुले. त्याने तो ताप सहा दिवस लपवला. डॉक्टरकडे गेला नाही, चाचणी केली नाही. कारण त्याने गेल्या वर्षी पाहिले होते की ज्या घरात रुग्ण निघतो त्या घराचे नाव ग्रुपवर येते, त्या घराला दूधवाला दूध घालत नाही, त्या घरातल्या मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. सातव्या दिवशी श्वास लागला तेव्हा त्याला हलवले. तोपर्यंत उशीर झाला होता. जनाजाला परवानगीपुरती माणसे होती. त्याच्या बेवाने नंतर आमच्या अम्मीला सांगितले, 'त्यांना आजाराची भीती नव्हती भाभी, लोकांची होती.'

आमच्या मते सगळा मुद्दा या वाक्यात आहे. पाळतीमुळे साथ रोखली जाते, असे पाळत ठेवणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात पाळतीमुळे आजार लपला, आणि लपलेला आजार जास्त पसरतो, जास्त मारतो. काळजी घेणारा शेजारी विचारतो, 'ताप आहे का? औषध आणून देऊ? जेवण दारात ठेवू?' पाळत ठेवणारा शेजारी खिडकीतून बघतो आणि दुसऱ्याला सांगतो. पहिल्याजवळ माणूस आजार बोलून दाखवतो, दुसऱ्यापासून लपवतो. म्हणजे साथीशी लढायचे असेल तरीही पहिलाच शेजारी कामाचा.

आपल्या दीनने हे आपल्याला किती आधी सांगून ठेवले आहे! सूरह हुजुरातमधील एकाच आयतीत तीन गोष्टींची मनाई आली आहे: फार बदगुमानी करू नका, एकमेकांची गुपिते शोधत फिरू नका आणि पाठीमागे निंदा करू नका. त्या तिन्ही गोष्टींचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी मनात संशय येतो, मग माणूस डोकावायला लागतो आणि मग जे दिसले ते सांगत सुटतो. मोहल्ल्याच्या ग्रुपवर आमच्या डोळ्यांदेखत अगदी याच क्रमाने सगळे घडत गेले. नमाज, रोजा, जकात यांबद्दल जागरूक असलेल्या घरांतही ही आयत त्या दिवसांत कोणाला आठवली नाही.

आणि आनंदाचे म्हणाल, तर आनंद हा दीनच्या बाहेरचा विषय नाही. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदे नबवीमध्ये भाल्यांचे खेळ करत होते आणि प्रेषित (सल्ल.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांना ते खेळ पाहू दिले. त्या स्वतः कंटाळेपर्यंत पाहत राहिल्या आणि तोपर्यंत प्रेषित (सल्ल.) त्यांच्यासाठी उभे राहिले. ही हदीस आपल्या सगळ्यांना माहीत असते, पण ती आपण क्वचितच सांगतो. ज्या मस्जिदीत इबादत होत होती, तिथेच ईदचा खेळही झाला. कोणी तरुण बायको आनंदाने खेळ पाहते आहे, तर तिला पोटभर पाहू द्यावे, एवढी मोकळीक त्या घरात होती. आपल्या घरांत ती असायला काय हरकत आहे?

आता साथ गेली आहे. मस्जिदी भरलेल्या असतात, इफ्तारीच्या ताटल्या पुन्हा पाखाडीवरून धावतात, वाड्यांत नव्याने लावलेल्या सुपाऱ्या हळूहळू उंच होत आहेत. पण डोकावण्याची जी सवय त्या दोन वर्षांत लागली, ती आमच्या मोहल्ल्यातून पूर्ण गेलेली नाही. आता कारणे बदलली आहेत. कोणाची मुलगी कॉलेजच्या सहलीला गेली, कोणी मेहंदीच्या दिवशी बायकांमध्ये गाणी म्हटली, कोणी सुट्टीत समुद्रावर फोटो काढला, कोणत्या घरी नवी गाडी आली. फोन खिशातच असतो, फोटो लगेच निघतो आणि खाली लिहायला एखादे धार्मिक वाक्यही मिळतेच.

आमच्या घराने आपल्यापुरते काही ठरवले आहे, ते वाचकांसमोर ठेवतो. दुसऱ्याच्या घरातला फोटो, त्यांच्या परवानगीशिवाय, कोणत्याही कारणासाठी पुढे पाठवायचा नाही. कोणी चुकतो आहे असे वाटले तर आधी त्याच्याच दारात जायचे, एकटे जायचे आणि विचारायचे. बहुतेक वेळा विचारल्यावर दुपट्टा निघतो. आजारी घराची खबर कळली तर ती खबर पुढे जाण्याआधी त्या घरात जेवणाचा डबा गेला पाहिजे. आणि ज्या आनंदात गुनाह नाही, कोणाचा हक्क मारलेला नाही, कोणाच्या जिवाला धोका नाही, त्या आनंदावर आपण निकाल द्यायचा नाही, मग तो आपल्या आवडीचा असो की नसो.

पुढे पुन्हा कधी साथ येईल, वादळ येईल, आणखी काही संकट येईल. बंधने पाळावी लागतील आणि आपण ती पाळू. मस्जिदी पुन्हा बंद झाल्या तर घरात सफा लावू, गळाभेट बंद झाली तर लांबून सलाम करू. तेवढे सब्र आपल्यात आहे, हे आपण दाखवून दिले आहे. फक्त त्या वेळी गच्चीवर एखादी मुलगी नवा फ्रॉक घालून फिरताना दिसली, तर तिला फिरू द्यावे. अल्लाह आपल्याला एकमेकांची काळजी घेणारे शेजारी बनवो आणि एकमेकांवर पाळत ठेवण्यापासून आपली हिफाजत करो. आमीन.